हायकोर्टाचे जिल्हे कुठल्या हिशोबाने वाटलेत? धाराशिव औरंगाबादला, बार्शी कोल्हापूरला, पुणे मुंबईला

बार्शीकर_७७
नमस्कार मंडळी. कोणी वकील किंवा जाणकार असेल तर जरा मार्गदर्शन करा. आमच्या जमिनीच्या वाटणीचा दावा आहे, वडिलांच्या चुलतभावांबरोबरचा. बार्शी कोर्टात लागला, मग जिल्हा कोर्टात अपील झालं, तिथून सेकंड अपील मुंबई हायकोर्टात. दरवेळी वकिलांना फोन केला की उत्तर ठरलेलं, बोर्डावर (म्हणजे त्या दिवशीच्या केसेसच्या यादीत) आलं की कळवतो. आता ते म्हणतात की सोलापूर जिल्हा कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे गेला त्यामुळे यापुढे तिकडे बघावं लागेल, तिथला एखादा वकील जोडून देतो.
ते ठीक आहे पण मला हा हिशोबच कळत नाही. धाराशिव आमच्यापासून एसटीने तासाभरावर, ते लोक औरंगाबाद खंडपीठात जातात. शेजारचं नगरही तिकडेच. नाशिक मात्र मुंबईला. पुणे पण मुंबईलाच. आणि आम्ही कोल्हापूर! हे कोणी आणि कशावरून ठरवलं? शिवाय नागपूरला खंडपीठ म्हणतात आणि कोल्हापूरला सर्किट बेंच, म्हणजे कोल्हापूरचा निकाल काही कमी वजनाचा असतो का? अजून एक, जुने वकील नेहमी म्हणायचे आपलं मॅटर "एएस"ला आहे, "ओएस"ला नाही. मी मान डोलवायचो, विचारायची लाज वाटायची. आता विचारतो.

पंचगंगा_घाट
कमी वजनाचा?? भावा, चाळीस वर्षांवर आंदोलन केलंय सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी, असं बोलू नको इकडं आल्यावर 😄

फोर्टातला_ज्युनिअर
बार्शीकर, आधी हे डोक्यात पक्कं करा की हायकोर्ट एकच आहे. नागपूरचं वेगळं, कोल्हापूरचं वेगळं असं काही नसतं. मुख्य न्यायमूर्ती (चीफ जस्टिस, सीजे) एकच, मुंबईत बसणारे. न्यायमूर्तींची मंजूर संख्या ९४, त्या सगळ्या खुर्च्या भरलेल्या बघायला मिळाल्या तर पेढे वाटू. कोणी कुठे बसायचं आणि कोणापुढे कुठल्या प्रकारची कामं लागायची ते सीजे ठरवतात, त्याला रोस्टर म्हणतात. आज मुंबईत बसणारे जज उद्या औरंगाबादला दिसू शकतात. कोल्हापुरातून निघालेली ऑर्डर ही मुंबई हायकोर्टाचीच ऑर्डर, वर जायचं तर थेट सुप्रीम कोर्ट, मध्ये मुंबईचा थांबा नाही. आणि तिथल्या डिव्हिजन बेंचने म्हणजे दोन जजेसनी एखादा मुद्दा ठरवला की तो नागपूर काय मुंबई काय, सगळीकडच्या सिंगल जजला बांधील. दुसऱ्या डिव्हिजन बेंचला पटला नाही तर प्रकरण मोठ्या बेंचकडे पाठवावं लागतं, आम्ही नागपूरवाल्यांचं मानत नाही असं म्हणता येत नाही.

फरक आहे तो बेंच कुठल्या कायद्याने आलं त्यात. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यात कलम ५१ आहे, सगळी गंमत त्यात. पोटकलम २ खाली राष्ट्रपती, राज्यपाल आणि सीजेंशी सल्लामसलत करून कायम खंडपीठ देतात. पोटकलम ३ खाली सीजेंनी राज्यपालांच्या मान्यतेने नुसतं ठरवलं की अमुक गावीही जज बसतील, तरी पुरतं. कोल्हापूर या तिसऱ्यातून आलं. १ ऑगस्ट २०२५ ला नोटिफिकेशन, १७ ला तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते उद्घाटन, १८ पासून काम चालू. इतकं झटपट झालं त्याचं कारण दिल्लीची फाईल लागली नाही. आता उलटंही खरं की जे सीजेंच्या आदेशाने येतं त्यात सीजेंच्या आदेशाने फेरफारही होऊ शकतो, म्हणून तिकडचे वकील आता कायम खंडपीठ मागतायत. पक्षकाराला मात्र शून्य फरक.

सोलापुरी_चादर
शून्य फरक म्हणणारे फोर्टात बसून म्हणतात. आम्हाला विचारा. रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये झोपायचं, सकाळी मुंबईत उतरायचं, कोर्ट उरकून परत रात्रीच्या गाडीने घरी. कोल्हापूरला जायचं म्हणजे सांगोला मिरज करत दिवस मोडायचा. किलोमीटर कमी झाले हे मान्य, पण किलोमीटर बघून कोणी प्रवास करत नाही, गाडी कधी आहे ते बघून करतो.

पंचगंगा_घाट
सोलापूरकरांचं दुखणं खरंय, नाही म्हणत नाही. पण सावंतवाडीच्या, चंदगडच्या, जतच्या माणसाचा पण विचार करा की. एका तारखेसाठी मुंबई म्हणजे लॉजचं भाडं, जेवण, वकिलाची फी, आणि तिथं गेल्यावर कळायचं की आज बोर्ड पोचलंच नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे मिळून लढले तेव्हा मिळालंय. सीपीआर हॉस्पिटलसमोरची जुनी कोर्टाची इमारत दुरुस्त करून दिली, सुरुवातीला एक डिव्हिजन बेंच आणि दोन सिंगल. पहिल्याच आठवड्यात भाऊसिंगजी रोडला गाडी लावायला जागा मिळंना, तरी लोक खूश होते.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या नागपूरचं कोणी आंदोलनाच्या रांगेत बसवू नका बाप्पा. आमच्याकडे बेंच "मिळालं" नाही, आमचं अख्खं हायकोर्ट होतं, ते गेलं अन् बेंच उरलं. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा वेगळा प्रांत, तिथे आधी ज्युडिशियल कमिशनरचं कोर्ट, मग जानेवारी १९३६ पासून नागपूर हायकोर्ट. पहिले चीफ जस्टिस सर गिल्बर्ट स्टोन. सिव्हिल लाइन्समधली घुमटाची इमारत हेन्री मेड नावाच्या आर्किटेक्टची, १९४० ला उघडली. आजही तिथेच काम चालते. मुंबईवाल्यांची इमारत काळी आणि टोकदार, आमची गोरी आणि ऐसपैस, एकदा येऊन बघा.
१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्याने पडली तेव्हा विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि हिंदी भाग मध्य प्रदेशात. हायकोर्टाची मुख्य गादी गेली जबलपूरला. चीफ जस्टिस हिदायतुल्ला पण तिकडेच गेले, तेच पुढे देशाचे सरन्यायाधीश आणि उपराष्ट्रपती झाले. म्हणजे मुंबईने आम्हाला नागपूर बेंच दिलं हे वाक्य कोणी बोललं की आमच्या इथल्या सिनिअर वकिलांचा पारा चढतो, काहून चढणार नाही?
आणि हो, १९५३ च्या नागपूर करारातच लिहून घेतलं होतं की विदर्भासाठी हायकोर्टाचं बेंच नागपूरला राहील. १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा मुंबई पुनर्रचना कायद्याच्या कलम ४१ मध्ये तेच घातलं, नागपूरला किमान तीन जज बसलेच पाहिजेत, विदर्भाच्या जिल्ह्यांसाठी. संसदेच्या कायद्यात लिहिलेलं आहे, कोणा सीजेच्या मनावर नाही.

फोर्टातला_ज्युनिअर
+१. फक्त त्याच कलमाला एक परंतुक म्हणजे अपवाद आहे, विदर्भातलं एखादं प्रकरण मुंबईत ऐकावं असं सीजे ठरवू शकतात.

वऱ्हाडी_ठेचा
माहीत आहे जी, तेच आमचं दुखणं.

जुनी_दप्तरं
मी वकील नाही, निवृत्त झाल्यावर जुन्या इतिहासाचा नाद लागलेला माणूस आहे. ओएस आणि एएसचं सांगतो, कारण त्याची मुळं हायकोर्टाच्याही आधीची आहेत आणि फार रंजक आहेत. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

१८६२ च्या आधी मुंबईत एकाच वेळी दोन वेगळ्या न्यायव्यवस्था नांदत होत्या. एक राजाची, म्हणजे इंग्लंडच्या गादीची. १७२६ च्या सनदेने मेयर्स कोर्ट, १७९८ ला रेकॉर्डर्स कोर्ट आणि १८२४ पासून सुप्रीम कोर्ट. हे सुप्रीम कोर्ट म्हणजे आजचं दिल्लीचं नव्हे हं. विलायतेहून आलेले बॅरिस्टर तिथे जज, इंग्लिश कायदा, आणि अधिकार मुंबई बेटापुरता. दुसरी व्यवस्था कंपनी सरकारची, मुंबईबाहेरच्या मुलखासाठी, ज्याला ते मोफसल म्हणायचे. तिथे खाली जिल्ह्यांची कोर्टं आणि सगळ्यात वर सदर दिवाणी अदालत आणि सदर फौजदारी अदालत. इथले जज कंपनीचे नोकर, कायदा एल्फिन्स्टनच्या १८२७ च्या रेग्युलेशनांचा. म्हणजे दोन मालक, दोन कायदे आणि मध्ये माहीमची खाडी.

या दोघांचं एकदा असं जुंपलं की कोर्टच बंद पडलं. १८२८ साली पुण्यातल्या मोरो रघुनाथ नावाच्या मुलाला घरातल्या वडीलधाऱ्याने, पांडुरंग रामचंद्र त्यांचं नाव, अडकवून ठेवलंय अशी तक्रार सुप्रीम कोर्टात आली. कोर्टाने हेबियस कॉर्पस काढला, मुलाला हजर करा. गव्हर्नर सर जॉन माल्कम म्हणाले पुणे तुमच्या हद्दीत नाही, पेशवाई जाऊन दहा वर्षं होतायत, तिथल्या सरदारांना आम्ही शब्द दिलेत, तुमचा हुकूम आम्ही तिकडे बजावणार नाही. कोर्टात तेव्हा तीनच जज, त्यातले वेस्ट आणि चेंबर्स हे दोघं त्याच वर्षी वारले, उरले एकटे सर जॉन पीटर ग्रँट. गडी असा हट्टी की सरकार आपला हुकूम मानत नसेल तर कोर्ट चालवण्यात अर्थ नाही म्हणून १८२९ मध्ये त्यांनी कोर्टाला टाळं लावलं! प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या अपिलाच्या ठिकाणी गेलं आणि तिथे निकाल ग्रँटच्या विरुद्ध लागला. मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचा हुकूम बेटाबाहेर चालणार नाही. मला स्वतःला ग्रँटबद्दल आदर वाटतो, कायद्याने चुकला असेल पण कणा होता.

१८५७ नंतर कंपनी गेली, राणीचं राज्य आलं, मग दोन मालक उरलेच नाहीत. १८६१ ला इंडियन हायकोर्ट्स अ‍ॅक्ट झाला, २६ जून १८६२ चं लेटर्स पेटंट म्हणजे राणीची सनद निघाली आणि १४ ऑगस्ट १८६२ ला सुप्रीम कोर्ट आणि दोन्ही सदर अदालती एकत्र करून मुंबईचं हायकोर्ट सुरू झालं, पहिले मुख्य न्यायमूर्ती सर मॅथ्यू सॉस. पण जोड दिला तरी शिवण दिसतेच. जे काम सुप्रीम कोर्टाकडे होतं, मुंबई शहरातले मूळ दावे, ते झालं ओरिजिनल साइड. सदर अदालतीकडे होतं ते, मोफसलची अपिलं, ती झाली अ‍ॅपेलेट साइड. बार्शीकर, तुमची बार्शी त्या हिशोबाने मोफसल, म्हणून तुमचं अपील एएसला. दोनशे वर्षं झाली तरी तुम्ही माल्कमच्या हद्दीत आहात आणि फोर्टवाले ग्रँटच्या.

बार्शीकर_७७
वा वा, काय सांगितलंत. म्हणजे आम्ही मोफसल 😀 वकिलांनी कधी हे सांगितलं नाही, बहुतेक त्यांनाही माहीत नसावं.

फोर्टातला_ज्युनिअर
माहीत असतं हो, पण तुम्हाला कॉरिडॉरमध्ये उभं करून मोरो रघुनाथ सांगत बसलो तर आमचा नंबर निघून जाईल.
आजच्या भाषेत ओएस म्हणजे काय ते सांगतो. मुंबईतले मोठ्या रकमेचे दावे थेट हायकोर्टात लागतात, खालच्या कोर्टात न जाता. आधी तर जवळपास सगळंच इथे यायचं, मग १९४८ ला सिटी सिव्हिल कोर्ट काढलं. त्याची मर्यादा वाढत वाढत १ कोटी झाली आणि २०२४ पासून १० कोटी, त्यामुळे ओएसवरचा बराच भार तिकडे गेला. बाकी आर्बिट्रेशन, मृत्युपत्राचं प्रोबेट, जहाज अडकवून ठेवायची अ‍ॅडमिरल्टीची कामं, हे ओएसचं राज्य. मुंबईतल्या विषयावरच्या सिव्हिल रिट (सरकारी निर्णयांविरुद्ध वगैरे थेट हायकोर्टात केलेल्या याचिका) पण ओएसलाच. ऑफिससुद्धा वेगळं, ओएसचा प्रमुख अधिकारी म्हणजे प्रोथोनोटरी अँड सिनिअर मास्टर, हे पद ऐकून नवीन ज्युनिअर पहिल्या दिवशी घाबरतातच. नियमांची पुस्तकं वेगळी, फॉर्म वेगळे, कोर्ट फीचा हिशोब वेगळा. एएसचे नियम १९६० चे, त्यातल्या १७ व्या प्रकरणाचा नियम १८ आम्हाला पाठ असावा लागतो, कुठलं रिट सिंगल जजकडे आणि कुठलं डिव्हिजन बेंचकडे ते त्यात आहे.
पूर्वी ओएसला सॉलिसिटरने काम तयार करायचं आणि काउन्सेलने फक्त उभं राहून बोलायचं अशी सक्तीच होती, विलायतेसारखी. ती सक्ती सत्तरच्या दशकात गेली पण सवय गेली नाही. मुंबईत अजून लोक सॉलिसिटरची परीक्षा देतात.

हातकणंगले_एक्स्प्रेस
ओएस एएस एकाच बिल्डिंगीत बसतात की वेगळ्या?

फोर्टातला_ज्युनिअर
एकच आवार. मुख्य इमारत आणि मागे अ‍ॅनेक्स.

जुनी_दप्तरं
इमारतीचा विषय निघालाच आहे तर. सुरुवातीची सोळा वर्षं हायकोर्ट अपोलो स्ट्रीटवरच्या जुन्या सुप्रीम कोर्टाच्याच वास्तूत भरत होतं. नवी इमारत कर्नल फुलर यांनी काढली, एप्रिल १८७१ ला काम सुरू, नोव्हेंबर १८७८ ला पुरं, जानेवारी १८७९ पासून कोर्ट भरायला लागलं. खर्च आला १६,४४,५२८ रुपये आणि मंजूर अंदाज होता १६,४७,१९६, म्हणजे सरकारी बांधकामात २,६६८ रुपये वाचले. हा आकडा मी आमच्या पीडब्ल्यूडीतल्या मित्राला दाखवला, तो बराच वेळ काही बोलला नाही.
वर न्याय आणि दया अशा दोन मूर्ती आहेत त्या सगळे बघतात. आत जायला मिळालं तर खांबांची नक्षी बघा, एका ठिकाणी एका डोळ्यावर पट्टी बांधलेलं माकड हातात तराजू घेऊन बसलंय, दुसरीकडे गळ्यात वकिली बँड घातलेला कोल्हा. कंत्राटदाराचं कोर्टात वाजलं म्हणून त्याने ही खोडी काढली अशी दंतकथा आहे, कागदोपत्री पुरावा नाही, पण माकड आहे हे खरं.
आणि सेंट्रल कोर्ट. टिळकांचा १९०८ चा खटला तिथे चालला. यातला योगायोग बघा, १८९७ च्या पहिल्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले वकील दिनशा दावर, जामीन देणारे न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी. अकरा वर्षांनी तेच दावर न्यायमूर्ती म्हणून समोर बसले आणि त्यांनी ६ वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा दिली. निकालानंतर टिळक जे बोलले ते आज त्या कोर्टाच्या बाहेर संगमरवरावर कोरलेलं आहे. ती पाटी १९५६ ला बसवली, तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते. ज्या कोर्टाने शिक्षा दिली त्याच कोर्टाने ते वाक्य भिंतीवर लावलं, हे मला त्या अख्ख्या इमारतीपेक्षा मोठं वाटतं.

सोलापुरी_चादर
सगळं छान. पण धाराशिव औरंगाबादला का आणि बार्शी कोल्हापूरला का, याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

फोर्टातला_ज्युनिअर
देतो. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, तिथल्या हायकोर्टाखाली. धाराशिव त्यात. सोलापूर जिल्हा पहिल्यापासून मुंबई इलाख्यात, म्हणजे बार्शी ब्रिटिश हद्दीत आणि पलीकडे निजाम. ती जुनी सरहद्द तुमच्या शेतांमधून अजून जातेय, फक्त आता ती बेंचची हद्द म्हणून दिसते. मराठवाडा महाराष्ट्रात आल्यावर तिथल्या लोकांना थेट मुंबई गाठायला लागली, त्यातून बेंचची मागणी उठली.
आता औरंगाबादची गोष्ट ऐका, कारण कोल्हापूरचा रस्ता तिथूनच तयार झाला. २७ ऑगस्ट १९८१ ला मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांनी त्याच ५१(३) खाली औरंगाबादला बसायचा आदेश काढला. त्याला आव्हान दिलं गेलं आणि डिसेंबरात मुंबई हायकोर्टाच्याच बेंचने आपल्याच मुख्य न्यायमूर्तींचा तो आदेश रद्द केला! सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, १९८२ मध्ये तिथे निकाल फिरला, सीजेंना असा अधिकार आहे असं ठरलं. नारायण शामराव पुराणिक केस म्हणून वकिलांना पाठ असते. मग १९८४ ला राष्ट्रपतींच्या आदेशाने ते ५१(२) खालचं कायम खंडपीठ झालं. कोल्हापूरवाले आज कायम करा म्हणतात ते हे उदाहरण समोर ठेवूनच.
नगर, जळगाव, धुळे हे काही निजामाचे नव्हेत पण त्यांना मुंबईपेक्षा औरंगाबाद सोयीचं म्हणून तिकडे जोडले, धुळ्यातून फुटलेला नंदुरबारही त्यांच्याबरोबर. नाशिकला मुंबई जवळ, ते राहिलं. पुण्याचंही तेच, तिथल्या वकिलांची मागणीसुद्धा जुनी आहे पण पुणे मुंबई रोज अप-डाऊन करणारे इतके आहेत की ती मागणी नेटाने पुढे सरकत नाही, हे माझं मत.
आज हिशोब असा पडतो, विदर्भाचे ११ नागपूरला, मराठवाड्याचे ८ आणि वरचे ४ मिळून १२ औरंगाबादला, ६ कोल्हापूरला, आणि मुंबईकडे उरले मुंबई शहर, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, पुणे, नाशिक असे ७. एकूण ३६.

मांडवीकाठ
नेहमीप्रमाणे गोवा विसरलात. गोवा वेगळं राज्य आहे तरी हायकोर्ट मुंबईचंच. पोर्तुगीज काळात इथे १५४४ पासून रेलासांव नावाचं वरचं न्यायालय होतं, म्हणजे तुमच्या मेयर्स कोर्टाच्याही पावणेदोनशे वर्षं आधी. मुक्तीनंतर ज्युडिशियल कमिशनर आणि ३० ऑक्टोबर १९८२ पासून मुंबई हायकोर्टाचं पणजी खंडपीठ, त्याला संसदेचा वेगळा कायदा आहे, किमान दोन जज. २०२१ पासून पर्वरीच्या नव्या इमारतीत. मजा अशी की वारसाहक्काची कामं इथे पोर्तुगीज वळणाच्या कायद्यावर चालतात, त्यामुळे नागपूरहून आलेल्या न्यायमूर्तींना पहिले काही महिने वकिलांकडूनच शिकावं लागतं.
दमण, दीव, दादरा नगर हवेली पण याच हायकोर्टाखाली आहेत बरं का.

जुनी_दप्तरं
आणि जे गेले तेही मोजा. १९५६ पर्यंत बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार मुंबई हायकोर्टाखाली, १९६० पर्यंत अख्खा गुजरात. नागपूर, मराठवाडा, गोवा आले आणि हे गेले. इलाख्याचं कोर्ट होतं ते राज्याचं होता होता अर्धवट राहिलं, म्हणून हा नकाशा असा वेडावाकडा.

बार्शीकर_७७
सगळ्यांचे मनापासून आभार, शंका फिटली. आता एकच व्यवहारातलं विचारतो, मला कोल्हापूरला स्वतः जाऊन काय बघावं लागेल का? आणि मुंबईत जोडलेले कागद परत लागतील का, सगळे मराठी सातबारे, फेरफार, १९६० च्या आसपासचं वाटणीपत्र वगैरे.

फोर्टातला_ज्युनिअर
आधी घरबसल्या हायकोर्टाच्या वेबसाइटवर केस स्टेटस बघा. तिथे बेंच निवडायला सांगतात, मुंबई अ‍ॅपेलेट साइड आणि कोल्हापूर दोन्हीकडे टाकून बघा. केस नंबर आठवत नसेल तर वडिलांच्या नावाने शोधा, स्पेलिंग तीन-चार तऱ्हेने टाका कारण टायपिस्टने काय लिहिलं असेल सांगता येत नाही. मुख्य गोष्ट, तुमच्या नंबरापुढे "स्टॅम्प" असं आहे का बघा. तसं असेल तर अपील अजून रजिस्टरच झालेलं नाही, ऑफिसने काढलेली ऑब्जेक्शन्स तशीच पडली आहेत, फी कमी, पानं अस्पष्ट, असं काहीतरी. वकील बोर्डावर येईल म्हणतात आणि अपील स्टॅम्प नंबरवर झोपलेलं असतं, अशी कितीतरी बघितलीत.
रजिस्टर झालं असेल तर पुढचा प्रश्न, अ‍ॅडमिट झालंय का, म्हणजे पूर्ण सुनावणीसाठी घेतलंय का. सेकंड अपिलात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न दाखवावा लागतो, नुसतं खालच्या कोर्टाने पुरावा नीट बघितला नाही म्हणून चालत नाही. प्रश्न काढून अ‍ॅडमिट झालं असेल तर फायनल हिअरिंगच्या रांगेत आहात, तिथे वेळ लागतोच. नसेल तर अ‍ॅडमिशनलाच फेटाळलं जाऊ शकतं, म्हणून नव्या वकिलांना पहिल्या भेटीत दोन्ही कोर्टांचे निकाल वाचायला द्या, बाकी गप्पा नंतर.
कागद परत जोडायला लागत नाहीत, फाईल हायकोर्टाची आहे. पण हायकोर्टाची भाषा इंग्रजी, मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरं जोडलेली आहेत की नाही ते तपासा, विशेषतः ते वाटणीपत्र. आणि जुन्या वकिलांकडून फाईलचा पूर्ण सेट आणि एनओसी घेतल्याशिवाय नवीन वकीलपत्र सही करू नका.

पंचगंगा_घाट
यायच्या आधी कळवा, वकील मी सांगत नाही पण राहायची सोय सांगतो. आणि सोमवारी येऊ नका, एसटी स्टँडपासूनच गर्दी असते.

बार्शीकर_७७
आत्ताच बघितलं. मुंबईत दिसत नाही, कोल्हापूरमध्ये दिसतंय. रजिस्टर नंबर आहे, स्टॅम्प नाही. स्टेज "अ‍ॅडमिशन" लिहिलंय.

फोर्टातला_ज्युनिअर
म्हणजे अजून अ‍ॅडमिट नाही. उद्याच वकिलांना फोन करा, आणि तुमच्या बाजूने कुठले कायद्याचे प्रश्न काढलेत ते अपिलाच्या मेमोत वाचून घ्या, शेवटच्या काही पानांत असतात.